पॅकेज अठरा लाखांचं, हातात सत्याण्णव हजार: विमान कंपनीच्या इंजिनिअरचा पगार वाचायचा कसा

मागच्या रविवारी कळव्याला ताईकडे गेले तर घरात पेढे आले होते. भाच्याला विमानं बनवणाऱ्या एका मोठ्या परदेशी कंपनीच्या बंगळुरूच्या इंजिनिअरिंग सेंटरचं ऑफर लेटर आलं, अठरा लाखांचं. भाऊजींनी मी चप्पल काढायच्या आत मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर अठरा भागिले बारा करून दाखवलं, महिन्याला दीड लाख, आणि त्यातून ठाण्यात फ्लॅटचा हप्ता किती बसेल तेही त्यांचं काढून झालं होतं. भाचा म्हणाला, मावशी तू पेरोलमध्ये आहेस ना, एकदा वाचून सांग ना मला यातलं निम्मं कळतच नाहीये.

मी महापेच्या एका कंपनीत चौदा वर्षं पगारपत्रकंच करते, त्यामुळे हे असं लेटर मी हजारो वेळा पाहिलंय. पण विमान कंपन्यांचं आमच्या सगळ्यांच्या ग्रुपवर सध्या फारच चाललंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरला एचएएल या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचं नाशिकमध्ये बनलेलं पहिलं तेजस मार्क १ए लढाऊ विमान उडालं, डिसेंबरात नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं, आणि सोबत "अमेरिकेत विमान इंजिनिअरला कोटीचा पगार" असले फॉरवर्ड. म्हणून त्या दिवशी भाच्याला जे कागदावर काढून दाखवलं तेच इथे सविस्तर लिहिते, ज्यांच्या घरात असं लेटर आलंय किंवा येणार आहे त्यांच्यासाठी.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते आधीच सांगते. पगाराचा आकडा वाचायचा नसतो, त्या आकड्यातला प्रत्येक रुपया कधी मिळणार, कुठल्या अटीवर मिळणार आणि तो नाही मिळाला तर नुकसान कुणाच्या डोक्यावर, हे वाचायचं असतं.

सीटीसी म्हणजे सुपर बिल्टअप

ठाण्यात घर शोधलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. घोडबंदर रोडला बिल्डरच्या ऑफिसात गेलं की पूर्वी सांगायचे साडेआठशे फूट, आणि आत जाऊन टेप लावली की पलंग आणि कपाट एकदम मावत नाही, कारण त्या साडेआठशेत जिना, लिफ्ट, लॉबी, क्लबहाऊस सगळं वाटून धरलेलं. शेवटी रेराने सांगितलं की विकताना कार्पेट एरिया सांगा, म्हणजे ज्यावर तुम्ही खरंच सतरंजी अंथरू शकता तेवढी जागा.

सीटीसी हा पगाराचा सुपर बिल्टअप आहे. कंपनीचा तुमच्यावर वर्षाला होणारा सगळा खर्च, ज्यात तुमच्या हातात कधीच न येणाऱ्या गोष्टीही धरलेल्या असतात. आणि हातात येतो तो कार्पेट. आता यात फसवणूक नाहीये बरं का, लिफ्ट पण लागतेच आणि पीएफ पण लागतोच, फक्त त्यावर सतरंजी अंथरता येत नाही एवढं समजून घ्यायचं.

अठरा लाख फोडून बघू

हे आकडे मी नमुन्यासाठी गोल करून घेतलेत, भाच्याच्या लेटरमधले जसेच्या तसे नाहीत, पण मांडणी अशीच असते.

बेसिक नऊ लाख, म्हणजे महिन्याला ७५,००० रुपये. एचआरए (घरभाडं भत्ता) आणि स्पेशल अलाउन्स मिळून साडेचार लाख. कंपनीचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, १,०८,००० रुपये. ग्रॅच्युइटी, म्हणजे ठरावीक वर्षं भरून नोकरी सोडताना एकरकमी मिळणारे पैसे, बेसिकच्या ४.८१ टक्के, ४३,२९० रुपये. मेडिक्लेमचा हप्ता १८,७१० रुपये. व्हेरिएबल १,८०,००० रुपये. आणि जॉइनिंग बोनस एक लाख. बेरीज करून बघा, बरोबर अठरा लाख होते.

यातलं दर महिन्याला पगार म्हणून येणारं फक्त बेसिक आणि अलाउन्स, म्हणजे साडेतेरा लाख भागिले बारा, १,१२,५०० रुपये. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ९,००० रुपये जातो, प्रोफेशनल टॅक्स २०० रुपये जातो, आणि इन्कम टॅक्स. नव्या टॅक्स पद्धतीत २०२५-२६ च्या दरांनी ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन वजा करून १२ लाख ७५ हजारांवर सेससकट ७४,१०० रुपये टॅक्स येतो, महिन्याला साधारण ६,२०० धरा. उरले सत्याण्णव हजार आणि वर थोडे. दीड लाख नाही.

भाऊजींचा चेहरा उतरला. पण मी त्यांना म्हणलं, थांबा, गेलेले पैसे सगळे सारखे नाहीत. पीएफमध्ये तुमचे नऊ हजार आणि कंपनीचे नऊ हजार असे महिन्याला अठरा हजार जमा होतायत ते तुमचेच आहेत, फक्त कुलुपात आहेत. ग्रॅच्युइटी अजून तुमची नाही, त्याबद्दल पुढे सांगतेच. व्हेरिएबल कंपनीचा नफा आणि तुमच्या साहेबाने दिलेलं रेटिंग यावर आहे, पूर्ण मिळेल, अर्धं मिळेल, शून्यही मिळू शकतं. जॉइनिंग बोनस पहिल्याच वर्षी, दुसऱ्या वर्षी पगार वाढला नाही तर पॅकेज चक्क लाखाने खाली येतं आणि मुलं घाबरून आम्हाला फोन करतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे, लागू झालेत त्याबद्दल पण खूप विचारतात. त्यातली आपल्या कामाची गोष्ट एवढीच की एकूण मोबदल्यातला निदान अर्धा भाग "वेतन" धरून त्यावर पीएफ ग्रॅच्युइटीचा हिशोब करायचा. आधी काही कंपन्या बेसिक तीस टक्क्यांवर ठेवून बाकी सगळं अलाउन्समध्ये टाकायच्या म्हणजे पीएफ कमी भरावा लागतो, ती वाट आता अरुंद झाली. हातात थोडं कमी आणि कुलुपात थोडं जास्त.

मग बोईंगवाले ५३ दिवस संपावर का बसले?

हे मला भाच्यानेच विचारलं, आणि पगाराचा सगळा विषय कळायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

१३ सप्टेंबर २०२४ ला अमेरिकेत मुख्यतः वॉशिंग्टन राज्यातले, बोईंग या विमानं बनवणाऱ्या कंपनीचे सुमारे ३३,००० कामगार संपावर गेले. कंपनी चार वर्षांत २५ टक्के वाढ द्यायला तयार होती, ती ९४ टक्क्यांहून जास्त लोकांनी फेटाळली. मग ३५ टक्के आले, तेही फेटाळले. शेवटी नोव्हेंबरच्या सुरुवातीला ३८ टक्के आणि १२,००० डॉलर बोनसवर करार झाला. आपल्याकडे पेपरात हे वाचून लोक म्हणाले की एवढी वाढ नाकारतात म्हणजे माज आहे. पण त्यांची मुख्य मागणी नुसती वाढ नव्हती, पेन्शन परत द्या अशी होती.

जुनी पेन्शन आणि नवी पेन्शन हा वाद महाराष्ट्राला नवीन नाही. मार्च २०२३ मध्ये राज्य सरकारी कर्मचारी "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत आठवडाभर संपावर होते, शाळा बंद होत्या, सिव्हिल हॉस्पिटलात हाल झाले ते सगळ्यांना आठवत असेल. बोईंगचं भांडण बऱ्याच अंशी तेच.

फरक असा. आमच्या ऐरोलीच्या सेक्टरमध्ये एक काकू महिन्याच्या पैशांत दोन वेळचा डबा देतात. टोमॅटो शंभर रुपये किलो झाला, गॅस महागला, तरी तुमच्या डब्यात भाजी येणार, डोकेदुखी काकूंची. जुनी पेन्शन अशी असते, निवृत्त झाल्यावर मरेपर्यंत ठरलेली रक्कम, बाजार पडला तरी, तुम्ही पंच्याण्णव वर्षं जगलात तरी. दुसरा प्रकार म्हणजे काकूंनी तुमच्या हातात पैसे ठेवले आणि म्हणाल्या आता तुमचं तुम्ही करून खा. स्वस्ताईत तुमचा फायदा, महागाईत तुम्ही उपाशी. अमेरिकेत या दुसऱ्या प्रकाराला ४०१ के म्हणतात, त्यांच्या टॅक्स कायद्यातल्या कलमाचा नंबर आहे तो. पगारातून तुम्ही काही टक्के टाकायचे, कंपनी काही टक्के टाकते, पैसे मुख्यतः बाजारात गुंततात आणि साठाव्या वर्षी जे असेल ते असेल.

बोईंगच्या कामगारांची जुनी पेन्शन गेली ती जानेवारी २०१४ च्या मतदानात. नवीन ७७७एक्स विमान इथे बनवायचं की दुसऱ्या राज्यात न्यायचं असा प्रश्न कंपनीने समोर ठेवला होता, आणि ५१ टक्के विरुद्ध ४९ टक्के अशा काठावरच्या मतांनी लोकांनी काम राखलं आणि पेन्शन सोडली. तो राग दहा वर्षं धुमसला आणि २०२४ ला बाहेर पडला. तरी पेन्शन परत मिळाली नाहीच. त्याऐवजी पगाराच्या ८ टक्क्यांपर्यंत तुम्ही टाकाल तेवढंच कंपनी टाकेल आणि वर ४ टक्के आपणहून टाकेल एवढं मिळालं.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की २०१४ ला पेन्शन सोडली म्हणून कुणाच्याही महिन्याच्या पगारातून एक डॉलरही कापला गेला नाही. पगाराची स्लिप तीच. फक्त म्हाताऱ्यापणीची जोखीम कंपनीच्या डोक्यावरून कामगाराच्या डोक्यावर आली, आणि ती स्लिपवर कुठेच छापलेली नसते.

"पण ते तर कामगार, इंजिनिअर कुठे संप करतात?"

करतात. बोईंगच्या इंजिनिअर आणि टेक्निकल लोकांची वेगळी संघटना आहे, स्पीआ म्हणतात तिला. फेब्रुवारी २००० मध्ये ते १७,००० च्या आसपास लोक ४० दिवस संपावर होते. खुर्चीत बसून काम करणाऱ्यांचा खासगी कंपनीतला एवढा मोठा संप अमेरिकेत त्याआधी झाला नव्हता. त्यांची घोषणा होती "नो नर्ड्स, नो बर्ड्स", म्हणजे पुस्तकी किडे नसतील तर पक्षी उडणार नाहीत. आणि खरंच, विमान बनून उभं असलं तरी कागदावर सही करणारा इंजिनिअर नसेल तर ते विमान ग्राहकाला देता येत नाही.

हे लोक फक्त पैशासाठी उतरले नव्हते. कामगारांना बोनस दिला आणि आम्हाला नाही, वर मेडिकलचा खर्च आमच्यावर टाकता, म्हणजे आमची किंमत काय, हा अपमान मोठा होता. त्या संघटनेच्या करारात इंजिनिअरच्या लेव्हल, पगारवाढीसाठी किती रक्कम बाजूला काढायची, ले-ऑफ करताना काय क्रम लावायचा हे लिहिलेलं असतं. सध्याचा करार ऑक्टोबर २०२६ पर्यंतचा आहे, त्यामुळे त्या सुमाराला तिकडच्या बातम्या परत येणार हे धरून चाला.

आपल्याकडे आयटी असो की इंजिनिअरिंग सेंटर, पोरांकडे असा सगळ्यांचा मिळून केलेला करार नसतो. जे काही आहे ते त्या ऑफर लेटरमध्ये, म्हणूनच ते चहा पिता पिता सही करायची गोष्ट नाही.

"अमेरिकेत तर कोटीत मिळतात"

अमेरिकन सरकारच्या आकडेवारीप्रमाणे मे २०२४ मध्ये एरोस्पेस इंजिनिअरचा मधला पगार वर्षाला १,३४,८३० डॉलर होता. मधला म्हणजे सगळ्यांना रांगेत उभं केलं तर बरोबर मध्ये असलेल्या माणसाचा. याला डॉलरच्या भावाने गुणलं की कोट पार होतो, फॉरवर्ड खोटा नाही. पण तो माणूस खर्च पण डॉलरमध्ये करतो ना. सिएटलला टू बीएचके भाड्याने घ्यायला गेलात की घोडबंदर स्वस्त वाटेल. वॉशिंग्टन राज्यात पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही ही चांगली गोष्ट, पण केंद्राचा आहे, शिवाय सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून पगाराच्या ७.६५ टक्के कापले जातात. आणि बहुतेकांचा आरोग्य विमा नोकरीला बांधलेला, नोकरी गेली की दुसऱ्या दिवसापासून तीच काळजी.

दुसरी गोष्ट फॉरवर्डमध्ये कधीच नसते. अमेरिकेत संरक्षणाशी संबंधित तंत्रज्ञानाचा एक कडक कायदा आहे, आयटार म्हणतात त्याला, त्यामुळे लढाऊ विमानं, क्षेपणास्त्रं, रॉकेट यांच्या बऱ्याच कामांवर फक्त अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यालाच घेतात. तिकडे एमएस करायला चाळीस पन्नास लाखांचं कर्ज काढणाऱ्या एरोस्पेसच्या मुलांनी हे आधी बघावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझ्या ओळखीतल्या एकाने शिकून झाल्यावर हे शोधलं, शेवटी सॉफ्टवेअरमध्ये गेला.

एक गोष्ट मात्र तिकडची आपण घ्यावी अशी आहे. वॉशिंग्टन राज्यात जानेवारी २०२३ पासून नोकरीच्या जाहिरातीतच पगार किती ते किती आणि सोबत काय काय मिळणार हे लिहावं लागतं. आपल्याकडे तिसऱ्या इंटरव्ह्यूनंतर विचारतात "आधीचा पगार किती होता" आणि त्यावर तीस टक्के लावून देतात, मग ज्याचा पहिला पगार कमी तो जन्मभर मागेच.

"त्यापेक्षा एचएएल बरं, सरकारी आहे"

हे ताईचं मत. आणि विचार करण्यासारखं आहे, कारण ओझर आपल्यापासून चार तासांवर, बंगळुरूपेक्षा जवळ.

एचएएल सार्वजनिक क्षेत्रातली कंपनी आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला महारत्नचा, म्हणजे सरकारी कंपन्यांतला सगळ्यात वरचा दर्जा मिळाला. ट्रेनी म्हणून घेतलेला इंजिनिअर वर्षभराच्या ट्रेनिंगनंतर ग्रेड टू मध्ये लागतो, स्केल ४०,००० ते १,४०,०००, दर वर्षी ३ टक्के वाढ. बेसिक ४०,००० ऐकून भाचा हसला. मी म्हणलं हसू नकोस, यात अजून तीन थर आहेत. एक महागाई भत्ता, तो भाववाढीच्या निर्देशांकाला बांधलेला, दर तीन महिन्यांनी बदलतो. हिशोबासाठी ५० टक्के धरला तर २०,००० रुपये. दुसरा पर्क्स, म्हणजे बाकीचे भत्ते आणि सोयी, बेसिकच्या जास्तीत जास्त ३५ टक्के, १४,००० रुपये. तिसरा घरभाडं किंवा क्वार्टर. क्वार्टर धरला तर महिन्याला ७४,०००, त्यातून पीएफ ७,२०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० जाऊन साडेसहासष्ट हजार हातात, इन्कम टॅक्स शून्य कारण बारा लाखांच्या आत. वर कंपनीच्या नफ्याप्रमाणे वर्षाचा परफॉर्मन्स पे वेगळा, आणि कुटुंबाचं मेडिकल.

आता सत्याण्णव हजारातून बंगळुरूचं भाडं पंचवीस हजार वजा करा आणि मग दोन्ही आकडे शेजारी ठेवा. अंतर पाच सात हजारांवर येतं. पुढे मात्र खासगीत पगार वेगाने वाढू शकतो, सरकारीत तो जिन्याने चढतो, हेही खरं.

पण "सरकारी म्हणजे पेन्शन" हा समज काढून टाका. एचएएलमध्ये मंत्रालयातल्या जुन्या लोकांसारखी पेन्शन नाही. अशा कंपन्यांना बेसिक आणि महागाई भत्त्याच्या ३० टक्क्यांपर्यंत रक्कम पीएफ, ग्रॅच्युइटी, पेन्शन फंड आणि निवृत्तीनंतरचं मेडिकल या सगळ्यांसाठी मिळून भरता येते. म्हणजे इथेही जमेल तेवढं साठवून मग त्यातून पेन्शन. काकूंचा डबा इथेही बंद झालाय, फक्त हातात ठेवलेले पैसे जरा बरे आहेत. आणि सरकारी म्हणून सगळे खूश असतात असंही नाही, ऑक्टोबर २०१९ मध्ये एचएएलचे हजारो कामगार वेतन करारासाठी संपावर गेलेच होते. अधिकाऱ्यांना जेवढी वाढ दिली त्या प्रमाणात आम्हालाही द्या, एवढंच म्हणणं होतं.

शेअर मिळणार म्हणजे नक्की काय?

परदेशी कंपन्यांच्या लेटरमध्ये हल्ली आरएसयू असतात. कंपनी म्हणते तुला इतके शेअर देऊ, पण तीन किंवा चार वर्षांत थोडे थोडे तुझ्या नावावर होतील, मध्येच गेलास तर उरलेले गेले. नावावर होण्याला व्हेस्टिंग म्हणतात. रीडेव्हलपमेंटमध्ये अडकलेल्या प्रत्येक सोसायटीला हे पाठ आहे, अलॉटमेंट लेटर आलं म्हणजे चावी आली असं नाही, ओसी मिळून पझेशन होईपर्यंत ते घर कागदावरच.

शिवाय त्या कागदाची किंमत बाजार ठरवतो. मार्च २०१९ च्या सुरुवातीला बोईंगचा शेअर ४४० डॉलरच्या आसपास होता. त्यांच्या ७३७ मॅक्स विमानाचा दुसरा अपघात झाला, विमानं जमिनीवर बसवली गेली, मग कोविड, आणि साधारण एका वर्षात मार्च २०२० ला तोच शेअर १०० डॉलरच्या खाली गेला. लेटरमध्ये पाच लाखांचे शेअर लिहिलेत म्हणून पाच लाखांचं कर्ज काढायचं नाही एवढंच माझं सांगणं. आणि व्हेस्ट झाले की त्या दिवसाच्या भावाने तो पगार धरून टॅक्स लागतो, विकले नसले तरी. परदेशी शेअर असतील तर रिटर्नमध्ये दाखवावेच लागतात, पोरं हे विसरतात आणि नंतर नोटीस आली की रडतात.

"तेवीस वर्षांच्या पोराला म्हातारपणाचं काय सांगता?"

भाऊजी हे म्हणाले तेव्हा मला माझी गोष्ट सांगावी लागली. माझ्या पहिल्या नोकरीत, कंपनीचं नाव घेत नाही, मी चार वर्षं पाच महिने काम केलं. दुसरीकडे चार हजार जास्त मिळत होते म्हणून सोडली. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात हे मला तेव्हा माहीतच नव्हतं आणि एचआरच्या बाईंनी राजीनामा घेताना सांगितलंही नाही. शेवटचा बेसिक गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, हा हिशोब. माझा बेसिक अठ्ठावीस हजार होता, सात महिन्यांसाठी ऐंशी हजार रुपये गेले. त्या वर्षी बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं, ते पैसे मी उसने घेतले. त्यानंतर मी पेरोल शिकायचं ठरवलं.

भाच्याचा बेसिक वरच्या नमुन्यासारखा पंच्याहत्तर हजार धरला, तर पाच वर्षं भरल्यावर २,१६,३४६ रुपये होतात, बेसिक वाढला तर अजून जास्त. नव्या कोडमध्ये ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना एक वर्षानंतरच ग्रॅच्युइटी मिळते, कायम नोकरीला मात्र पाच वर्षंच, त्यामुळे लेटरवर आपण नक्की कोण आहोत ते बघायचं.

दुसरी गोष्ट अजून कमी लोकांना माहीत आहे. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या आणि १५,००० च्या वर बेसिक असलेल्या माणसाला पीएफ ऑफिसची पेन्शन योजनाच लागू होत नाही. कंपनीचा सगळा वाटा पीएफमध्ये जातो, रक्कम जास्त साठते, पण महिन्याला येणारी पेन्शन शून्य. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं होते, त्यांना त्या योजनेतून दोन हजार तीनशे रुपये येतात. तेवढ्याने औषधांचंही भागत नाही, तरी पासबुकात एंट्री झाली की त्यांना बरं वाटतं. भाच्याच्या पिढीला तेही नाही. म्हणून नोकरी बदलताना पीएफ काढून बाईक घेऊ नका, त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, ट्रान्सफर करा, पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्स पण लागतो.

आणि विमानाच्या धंद्यात नोकऱ्या लाटेसारख्या येतात जातात, हे म्हातारपणाचं नाही तर तिशीतलंच आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सिएटल भागातले बोईंगचे लोक एक लाखाच्या आसपासवरून चाळीस हजारांच्या आत आले, इतकी वाईट अवस्था की १९७१ मध्ये दोन इस्टेट एजंटांनी विमानतळाजवळ बोर्ड लावला होता, सिएटल सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे बंद करून जावं. ऑक्टोबर २०२४ मध्ये, संप चालू असतानाच, बोईंगने जगभरात १७,००० लोक कमी करणार असं जाहीर केलं. ठाण्यातल्या लोकांना हे वेगळं समजवायची गरज नाही, ज्या कारखान्यांच्या गेटवर आपली माणसं भोंग्याला आत जायची तिथे आज टॉवर आहेत. एक विमान बनवायला दहा दहा वर्षं लागतात, गिऱ्हाईक मोजके, एक ऑर्डर हुकली की हजारो हात रिकामे. त्यामुळे या धंद्यात सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत असल्याशिवाय मोठा हप्ता घेऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि ते मी भाऊजींच्या तोंडावर सांगितलं.

सही करायच्या आधी

शेवटी आम्ही दोघांनी बसून एचआरला मेल लिहिला. जॉइनिंग बोनस किती महिन्यांत सोडलं तर परत द्यायचा, आणि परत घेताना टॅक्स कापून हातात आलेले पैसे घेणार की पूर्ण लाख? कारण बऱ्याच ठिकाणी पूर्ण घेतात आणि कापलेला टॅक्स आपल्याच अंगावर बसतो. मागच्या दोन वर्षांत त्या लेव्हलच्या लोकांना व्हेरिएबल सरासरी किती टक्के मिळालं? आईवडिलांचा मेडिक्लेम आहे का, असेल तर हप्ता कुणाचा? आरएसयूची पहिली व्हेस्टिंगची तारीख कोणती? ट्रेनिंगचा बाँड, म्हणजे मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायची अट, आहे का?

बाँडबद्दल अजूनही लोक म्हणतात की कोर्टात टिकत नाही, सही करून टाक. असं नाहीये. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध धरला. रक्कम अवाच्या सवा नसेल आणि कंपनीचा खरंच खर्च झाला असेल तर भरावे लागू शकतात.

ताईला भीती होती की इतकं विचारलं तर ऑफर काढून घेतील. मी चौदा वर्षं त्या टेबलाच्या पलीकडे बसलेय, नीट भाषेत विचारलं म्हणून ऑफर काढून घेतलेली मी एकदाही पाहिली नाही. मंगळवारी उत्तर आलं. बोनस बारा महिन्यांची अट, परत करायचा तर पूर्ण लाख. आईवडिलांचा मेडिक्लेम आहे पण हप्ता पगारातून कापणार. बाँड नाही. आरएसयूची पहिली तारीख जॉइन झाल्यापासून एक वर्षाने. व्हेरिएबलच्या सरासरीचं मात्र "कंपनी धोरणानुसार" एवढंच लिहिलंय, म्हणून भाच्याने तो आकडा शून्य धरून परत हिशोब मांडला आणि भाऊजींनी फ्लॅटचं बोलणं पुढच्या वर्षावर टाकलं. शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे.